वरून मलमल

तारनाका, ३ मे

चि. सौ. प्रियदर्शिनी हिला सासूचा आशीर्वाद, घेतलास तर.

फोन लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलते आणि कट होतो. रितेशला विचारलं तर म्हणाला, "आई, तिनं तुला ब्लॉक केलंय." बरं केलंस. कागद ब्लॉक करता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले, तू इंग्रजी शाळेतली. म्हणजे मला धड लिहिता येत नाही आणि तुला धड वाचता येत नाही. तेव्हा हे तुझी आईच वाचून दाखवणार.

निर्मलाबाई, नमस्कार. तुम्ही जन्मभर सरकारी हापिसात कागद वाचलेत, तर हाही वाचा. जसा आहे तसा वाचा. मधलं गाळू नका.

प्रिया, बाळाचा ताप उतरून दवाखान्यातून सुट्टी झाली तशी तू बाळाला घेऊन परभारे कुकटपल्लीला गेलीस. मी इथं दारात भाकरतुकडा घेऊन उभी होते. बाळंतीण लेकरू घेऊन येते तेव्हा ओवाळून टाकायला लागतो, एवढं तरी तुमच्याकडेही असेल. शेवटी तो तुकडा खालच्या कुत्र्याला घातला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बोलले ते बोलले. "लेकरू तुझ्या शेजारी तापत होतं आणि तुला झोप कशी लागली?" असं म्हणाले. माझी जीभ काही आज तिखट झालेली नाही. लग्न ठरलं तेव्हा तुझ्या मम्मीनं विचारलं होतं, तुमच्याकडे सगळे असंच बोलतात का. मी म्हणाले होते, नाही, बाकीचे शिव्या देतात. तेव्हा तू हसली होतीस.

आणि त्या दुपारी माझं काय चुकलं? मी कैऱ्या फोडून आणायला बाजारात गेले होते. मागे करंट गेला, एसी बंद पडला, खिडक्या तुम्ही लावलेल्या. लेकरू तापलं. करंट काय मी घालवला? डॉक्टरनं इन्फेक्शन सांगितलं. तो शिकलेला माणूस आहे.

हे उकरायला लिहीत नाही. काल रितेश तुमच्याकडून आला आणि त्यानं फोनमध्ये बाळाचा फोटो दाखवला. मखमलीची कुंची, आतून अस्तर, कपाळापर्यंत ओढलेली. त्यावर जाड दुपटं. दुपट्यावरून कापडाची पट्टी, पाय उसाच्या कांड्यासारखे सरळ बांधलेले. सगळ्यात फक्त नाक दिसत होतं. मी म्हणाले, अरे, मे महिना आहे. तर म्हणतो, "जंतू लागू नयेत म्हणून. मम्मी म्हणतात वारंसुद्धा लागू द्यायचं नाही."

एवढं गुंडाळू नका. तेवढंच सांगायचं होतं.

मालनबाई


तारनाका, ९ मे

चि. सौ. प्रियदर्शिनी,

तुझा निरोप रितेशनं सांगितला. तो निरोप सांगताना जमिनीकडे बघतो, म्हणजे तू याच्यापेक्षा जास्त बोलली असणार. "आई डॉक्टर आहेत का? एकदा त्यांच्याच घरात इन्फेक्शन झालं ना?" बरोबर आहे. मी डॉक्टर नाही.

पण पोराच्या तोंडून आणखी एक निसटलं. बाळाच्या मानेला, काखेत घामोळं उठलंय आणि निर्मलाबाई त्याच्यावर पावडर मारतायत. विहीणबाई, घामोळं पावडर मागत नाही, वारा मागतं. तुमच्याकडे एसी आहे हे मला माहीत आहे. आमच्याकडेही होता.

बारसं अठरा तारखेला, भर दुपारी, फंक्शन हॉलमध्ये. कार्ड बघितलं. छान छापलंय. त्यात माझं नाव आहे, आमंत्रण नाही. असू दे. मी काही जेवणाला हपापलेली नाही. पण पाळण्यात घालताना बाळाला ती मखमलीची कुंची घालणार, वरून जरीचं दुपटं घालणार, आणि मग हॉलभर बायका एकेक करून उचलणार, पदराखाली घेणार. कुकटपल्लीपासून हॉलपर्यंत गाडी, गाडीत ऊन. मला झोप लागत नाही हे लिहिलं तर तुम्हाला वाटेल म्हातारी नाटक करते, म्हणून लिहीत नाही.

बाळ झालं त्या दवाखान्यातली ती जाड भिंगाची सिस्टर आठवते का? तिनं वॉर्डातल्या सगळ्या बायांना एका बाहुलीवर दाखवलं होतं. पातळ कापड, एकच घडी. खांद्याच्या वर कापड येऊ द्यायचं नाही. हात अंगाशी, पण छातीवर आपली बोटं आत सरकली पाहिजेत. कमरेखाली मात्र सैल, पाय बेडकासारखे दुमडून हलले पाहिजेत, ओढून सरळ केले तर खुब्याचा सांधा निसटतो. झोपवायचं पाठीवर. डोकं उघडं. आणि लेकरू कुशीवर वळायला लागलं की बांधणं बंद. मी तेव्हा हसले होते. म्हणाले, हिनं किती लेकरं केली? तिनं माझ्याकडे बघितलं आणि तेलुगूत म्हणाली, "एंदुकम्मा इन्नि बट्टलु?" इतके कपडे कशाला, अम्मा. माझ्या पिशवीत तेव्हा तीन दुपटी होती, घरी शिवलेली.

मी हसले, तू मात्र मान डोलावत ऐकलंस. मग आता तुझ्या डोळ्यांदेखत ते पाय सरळ का बांधतात? आईला बोलता येत नाही, सासूला बोलता येतं, असं आहे का?

आणि दुसरं. रितेश म्हणाला, तू अंगावर पाजणं बंद केलंस. का, तर बाळ तापलं त्याआधी तुझ्या छातीत गाठ आली होती, ताप आला होता, तोच दुधातून बाळाला गेला असं तुझ्या मनानं घेतलंय. हे ऐकलं तेव्हा तव्यावर पोळी होती, ती जळून कोळसा झाली. ह्यांनी आतून विचारलं काय जळतंय. मी म्हणाले काही नाही.

प्रिया, दुधानं काही झालं नाही. पाज. मला कसं माहीत ते विचारू नकोस.

मालनबाई


तारनाका, १४ मे

प्रियदर्शिनी,

तू विचारलंसच. रितेशकडून विचारलंस, "आईंना कसं माहीत?" पोरगी वकिलाच्या घराण्यातली आहे हे मी विसरले होते.

निर्मलाबाई, हा कागद तुम्ही आधी मनात वाचा आणि मग मोठ्यानं वाचा. वाचताना आवाज थांबेल. थांबू देऊ नका. रितेशला मी तोंडी सांगू शकले असते. पण पोरगा आईची बाजू राखून निम्मंच सांगेल, आणि निम्म्यानं बाळाची कुंची निघणार नाही.

तू खोलीत एसी अठरावर ठेवायचीस. मी आत आले की मला हुडहुडी भरायची. तू बाळाला ते एक मलमल गुंडाळून ठेवायचीस, सिस्टरनं दाखवलं तसं. मी तळपायाला हात लावून बघायची, पाय गार. म्हटलं, ही पोरगी लेकरू गोठवणार. एकदा दुपटं घातलं, तू काढलंस. परत घातलं, परत काढलंस. "आई, प्लीज, नो ब्लँकेट." मग तू एसी आणखी खाली केलास, म्हाताऱ्या सासूनं काय काय घातलं असेल म्हणून. मग मी आणखी घातलं, एसी खाली गेला म्हणून. दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. बाळावरून रिमोट आणि दुपटी बोलत होती.

मग मी युक्ती केली. तू न्हायला गेलीस की मी बाळाला सोडायची, कानावर टोपडं बांधायची, अंगाला दुपटं, गोधडीसारखं दोन पदरी, आणि त्याच्या वरून तुझं मलमल. टोपड्यावरूनसुद्धा मलमलीचा पदर घ्यायची. वरून बघणाऱ्याला मलमलच दिसायचं. लंगोटही मीच बदलायची. पाजताना तू अंधारात घ्यायचीस, झोपेत असायचीस, तुला बाळ जाड लागलं नाही. एकदा म्हणालीस, "वजन वाढलंय ना, आई?" मी म्हणाले, हो, माझ्या हाताला गुण आहे.

त्या दुपारीही तसंच होतं. बाळाला बांधून तुझ्या शेजारी ठेवलं आणि मी बाजारात गेले. करंट गेला. बंद खोली, पत्र्यासारखं तापणारं वरचं छत, आणि लेकरू दोन पदरी दुपट्यात. हात बाहेर काढायला नाही, अंगावरचं ढकलायला नाही. मी आले तेव्हा ते लाल झालं होतं. घाईघाईत मी दुपटं काढायला लागले, तेवढ्यात तू उठलीस, आणि त्या गडबडीत ते कुठं पडलं कळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "अंगावर किती कपडे होते?" तू म्हणालीस, "ओन्ली वन मलमल, डॉक्टर." तुला तेवढंच माहीत होतं. मी तुझ्या मागे उभी होते. मला इंग्रजी येत नाही, पण मलमल कळतं. मी बोलले नाही. मग त्यांनी काचेच्या खोलीत नेलं, रक्त काढलं, कमरेत सुई घालून पाणी काढलं. मी बोलले असते तरी सुया टोचल्याच असत्या कदाचित. ते डॉक्टरला माहीत. पण बाळाच्या कागदावर इन्फेक्शनचा संशय लिहिला गेला, आणि आता त्या संशयापायी तुम्ही लेकराला कुंचीत कोंबताय. जंतू लागू नयेत म्हणून. जंतू नव्हते, निर्मलाबाई. मी होते.

पाय गार असले तरी घाबरायचं नाही. बारक्या लेकराचे पाय गारच असतात, हे मला त्या वॉर्डात बसून बसून कळलं. मानेमागं बोटं घालून बघा. तिथं घाम लागला की एक कपडा कमी. बारशाला झबलं पुरे. कोणी बाई बोललीच तर तिला तुम्ही उलट बोला. नाही जमलं तर माझं नाव सांगा. सगळ्यांना माहीतच आहे, तारनाक्याची म्हातारी विचित्र आहे.

यानंतर तू बाळ माझ्या हातात देणार नाहीस, हे मला कळतं. कळून लिहिलंय.

मालनबाई


तारनाका, २० मे

प्रिया,

हा कागद पाकिटात घालणार नाही. का ते सांगते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या मम्मीचा फोन आला. तू तेव्हा झोपली असशील. आमचं बोलणं झालं ते असं.

"विहीणबाई, मी निर्मला."

"बोला. बाळ कसं आहे?"

"चांगलं आहे. कुंची घातली नाही. पाळण्यात झबलं आणि ते मलमल, तेसुद्धा सैल. माझ्या नणंदा नाकं मुरडत होत्या. हल्ली गरिबी आली का, म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरनं?"

"मग काय तुमचं नाव सांगू?"

मला हसू आलं. बाई अशी बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं झाली विहिणी होऊन, ती माझ्याशी एक सरळ वाक्य बोलली नव्हती. घामोळंही बसलं म्हणाली. बाळाचं नावही सांगितलं. अवघड आहे, पण जिभेला होईल सवय. मग मी विचारलं, "प्रिया काय म्हणाली?"

ती परत घामोळ्याचंच सांगायला लागली. माझ्या लक्षात आलं.

"मी तिला सगळं नाही वाचलं," म्हणाली. "उन्हाचं वाचलं, कपड्यांचं, मानेमागं बोटं घालायचं. मधलं सोडलं. मालनबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचंही घर राहतं, माझ्या लेकीचाही संसार राहतो. मीही तेच करत होते ना, पट्ट्या बांधून. ती मला काय म्हणेल? या रविवारी तुम्ही या, बाळ बघा, जेवून जा. मी काही काढणार नाही. तुम्हीही काढू नका."

खरं सांगू का, फोन ठेवला आणि मी उठून कपाटातली साडी काढली. निळी. तिला इस्त्री केली. ह्यांना म्हणाले, रविवारी कुकटपल्लीला जायचं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बोलावलं?" मी म्हणाले, तर काय, न बोलावता जाते का मी. दुपारचा चहासुद्धा गोड लागला.

मग संध्याकाळी मीच निर्मलाबाईंना फोन केला, काय आणायचं विचारायला. सहज म्हणून विचारलं, पाजायला लागली का ती? तर म्हणाल्या, "नाही हो. पावडरचं दूधच चालू आहे. तिचं सुकत चाललंय आता. अधूनमधून रडते, माझ्यामुळे झालं म्हणते. होईल ठीक. मी सांगते तिला, देवाची इच्छा."

साडी परत घडी करून ठेवली. पंजाबी ड्रेस काही मी घालत नाही, तेव्हा अंगावर आहे ते रोजचं पातळ आहे. तू हे ऐकतेस तेव्हा मी तुमच्या घरी मेट्रोनं आले आहे, अमीरपेटला बदलून. रविवारची वाट बघितली नाही. रितेश ऑफिसात आहे, त्याला सांगितलेलं नाही. निर्मलाबाई, तुम्ही दार उघडलंत त्याबद्दल उपकार, पण हा कागद तुमच्या हातात देत नाही. मीच वाचणार. वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. तोंडी बोलायला गेले तर मी भांडायला लागते, म्हणून वाचते. प्रिया, मधे बोलू नकोस. आणि तुम्ही, विहीणबाई, पाणी आणायला आत जाऊ नका.

प्रिया, तुझ्या मम्मीनं जे गाळलं ते आधी ऐक. तुझ्या मलमलीच्या आत मी रोज टोपडं आणि दोन पदरी दुपटं घालत होते, तुला न सांगता. त्या दुपारीही घातलं होतं. लेकरू त्यानं तापलं. डॉक्टरनं कपडे किती विचारलं तेव्हा मी तुझ्या मागे उभी राहून गप्प बसले.

आता जे मी तुझ्या मम्मीलाही लिहिलं नव्हतं ते. मागच्या कागदात मी लिहिलं, दुपटं काढत होते तेवढ्यात तू उठलीस. खोटं आहे. तू उठली नव्हतीस.

मी बाजारातून आले, खोलीचं दार उघडलं तर भट्टीसारखी वाफ आली. तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. रात्ररात्र जागलेली बाई, तुला करंट गेलेला कसा कळणार? बाळाच्या मानेला हात लावला, हात ओला झाला. हलवलं, डोळे उघडले नाहीत. चिमटा काढला, रडलं नाही. तुला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण माझ्या मनात आलं, आता ही बघणार.

आधी टोपडं काढलं. मग दुपटं काढलं. मग ते मलमल त्या तापलेल्या लेकराला परत गुंडाळलं, तू गुंडाळतेस तसं, हात अंगाशी, पाय सैल. टोपडं आणि दुपटं न्हाणीघरात नेऊन बादलीत बुडवलं. वर दोन परकर टाकले. हात पुसले. मग आले आणि तुला उठवलं. "प्रिया, बाळ तापलंय." आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर विचारलं, तुला झोप कशी लागली.

हे डॉक्टरलाही सांगायला मी येईन. उद्या चल, मी त्याच्यासमोर सांगते, म्हणजे त्याच्या कागदावर काय ते नीट लिहील, आणि पाजण्याचं तुझ्या मनात अजून काही राहिलं तर तेही त्यालाच विचारता येईल. तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल. घरी आली नाहीस तरी रितेशला मी अडवणार नाही. आई म्हणू नकोस, तेही चालेल.

पण तुझ्या दुधात काही नव्हतं. तू झोपली होतीस म्हणूनही काही झालं नाही. बाळाला घे आणि पाजून बघ. अजून येईल. नाही आलं तर निदान माझ्यामुळे गेलं हे तुला माहीत असेल, तुझ्यामुळे नाही.

एवढंच लिहिलंय. मी बाहेर जिन्यात बसते. बोलवायचं असलं तर बोलव. नसलं तर परत जायची मेट्रो मला कळते.